दिनदर्शिकेबाहेरचे सण

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेच्या जुन्या वार्षिक दिनदर्शिका चाळताना एक उणीव आमच्या ध्यानी आली. १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, १६ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर हे दिवस आम्ही दरवर्षी निष्ठेने पाळत आलो. दिवाळी, ईद, नाताळ, महावीर जयंती या सुट्या शासनाच्या यादीतून येतात. आमच्या वसतिगृहात भामरागड, एटापल्लीकडून येणाऱ्या माडिया मुलांचा पंडुम मात्र कोणत्याच यादीत नाही.

पंडुमाला छापील तारीख नसते. हंगाम पाहून, गावाशी विचारविनिमय करून गायता आणि पेरमा दिवस ठरवतात. त्यासाठी मूल घरी गेले की हजेरीपटावर गैरहजेरी लागते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. गेलेले मूल एका दिवसात परतणार तरी कसे?

एका चैत्रात भोजनगृहात कैरीचे लोणचे वाढले असता काही मुलांनी ते ताटात बाजूला सारले. ही अंधश्रद्धा आहे, असे म्हणून आम्ही त्यांना सर्वांसमक्ष रागावलो. पुढे एका पालकाने शांतपणे सांगितले की, आंब्याचा पंडुम होईपर्यंत त्यांच्या गावात नवे फळ तोंडात घालत नाहीत. फळाला पिकायला अवधी द्यावा लागतो. त्या दिवशी आम्ही खजील झालो.

कारण हीच शिकवण आमच्याही घरची आहे. पावसाळ्यात फिरताना भिक्खूंच्या पायाखाली कोवळे अंकुर आणि सूक्ष्म जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार तथागतांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. आषाढ पौर्णिमेनंतर आरंभ होऊन तीन महिने चालणारा तो नियम आम्ही आदराने सांगतो. वर्षावास आणि पंडुम एकच आहेत, असे आमचे म्हणणे नाही. पंडुमात देवपूजा आहे आणि ती आमची वाट नव्हे. परंतु वाढत्या जीवाला वेळ देण्याचा संयम दोन्हीकडे आहे, आणि तो न पाहताच आम्ही निवाडा केला.

काही उपासकांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या चंद्रपुरात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, तेथील धम्मसंस्थेने देवकार्यासाठी रजा द्यावी, हे बावीस प्रतिज्ञांशी सुसंगत आहे काय? आमचे उत्तर असे की, प्रतिज्ञा त्या घेणाऱ्याला बांधतात, आश्रयाला आलेल्या मुलाला नव्हेत. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य वा शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण घेण्यास वा उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. सम्राट अशोकानेही बाराव्या शिलालेखात इतरांच्या पंथांचा मान राखण्यास सांगितले आहे. आमच्या जिल्ह्यांना हे सहजीवन नवे नाही. भद्रावतीत विजासनची बौद्ध लेणी, पार्श्वनाथांचे जैन मंदिर आणि भद्रनागाचे देऊळ एकाच गावात नांदतात. चैत्रात महाकालीला आणि महाशिवरात्रीला मार्कंड्याला माणसांची रीघ लागते.

अभ्यास बुडतो, हा दुसरा आक्षेप खरा आहे. परंतु पंडुमाला जाऊ न दिलेले मूल मनाने गावीच असते. आणि न विचारता पळून गेलेले मूल पुष्कळदा परत येतच नाही. बुडालेले दोन दिवस रविवारी भरून काढता येतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक पालकास त्यांच्या सणांविषयी विचारावे. मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्या ठरवताना त्याचा विचार व्हावा. गावाहून निरोप आल्यास येण्याजाण्याच्या दिवसांसह रजा द्यावी. भोजनगृहात न खाणाऱ्यावर सक्ती नसावी. सायंकाळच्या वंदनेचे दार सर्वांना उघडे असावे, पण हजेरी घेतली जाऊ नये.

त्रिशरण-पंचशील आम्ही याच श्रद्धेने म्हणत राहू. मात्र पुढल्या वर्षीच्या दिनदर्शिकेत पंडुमासाठी एक कोरी ओळ राखून ठेवावी. तारीख गाव कळवील.