पर्थ गाठले, पारोळा राहिला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७च्या आशियाई करंडकाचे दार आपल्या पुरुष फुटबॉल संघाला बंद झाले. भारताच्या छांगतेने मिळवून दिलेली आघाडी टिकली नाही. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशानेही आपल्याला हरवले. पात्रता गटातल्या पहिल्या पाच सामन्यांत भारताचे गोल झाले अवघे दोन. समोर ब्राझील किंवा अर्जेंटिना नव्हते. हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते. एकशे चाळीस कोटींच्या देशाला चेंडू जाळ्यात धाडणारा एक भरवशाचा खेळाडू मिळू नये, ही नामुष्की आहे. तिची कारणे दिल्लीत शोधून भागणार नाही. ती जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या पटांगणांतही आहेत, म्हणूनच हा विषय खानदेशच्या वाचकांपुढे मांडत आहोत.

सुनील छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून आंतरराष्ट्रीय फुटबॉलला निरोप दिला. त्याची जागा कोण घेणार, या प्रश्नाला नऊ महिने उत्तर मिळाले नाही. अखेर मार्च २०२५मध्ये चाळिशी गाठलेल्या छेत्रीलाच परत बोलावावे लागले. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने आपला ९५वा गोलही केला. त्याच हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीयही तोच होता, १४ गोलांसह. छेत्रीची ही थोरवी मान्य करताना तिच्यामागची पोकळी दिसलीच पाहिजे. चाळिशीतल्या खेळाडूच्या पुढे जाईल असा एकही तरुण भारतीय त्या वर्षी देशभरात निघाला नाही.

हंगाम संपला की क्लबांची शोधाशोध सुरू होते. आघाडी फळीत आणखी एक खेळाडू हवा, बगलेवरून धावणारा विंगर हवा, गोलजवळ चेंडू मिळताच तो जाळ्यात धाडणारा स्ट्रायकर हवा. क्लबला यंदाचा निकाल यंदाच लागतो, त्यामुळे तो परदेशी खेळाडू आणतो. लीगमध्ये सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट २०१४पासून दर वर्षी परदेशी खेळाडूनेच नेला. गोल करण्याची मधली जागा परदेशी खेळाडूची, भारतीय मुलाला बगल, ही वाटणी वर्षानुवर्षे चालत आली. मग राष्ट्रीय शिबिरात याच मुलांकडून अचानक गोलांची अपेक्षा केली जाते. ज्या जागेवर हंगामभर खेळायला मिळत नाही, तिथे निवड झाल्याच्या दिवशी कोण चमकणार?

या टंचाईमुळेच शोध देशाबाहेर गेला. ऑस्ट्रेलियातील पर्थमध्ये जन्मलेला, बेंगळुरू एफसीचा विंगर रायन विल्यम्स याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतले आणि नोव्हेंबर २०२५मध्ये त्याला राष्ट्रीय शिबिरात बोलावण्यात आले. त्याच्या आईचे घराणे मुंबईचे आणि आजोबा संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. अशा खेळाडूचे स्वागत मनापासून व्हायला हवे. पण एका विंगरसाठी पर्थपर्यंत जाणारी ही यंत्रणा पारोळा, यावल, साक्री, शिंदखेड्यापर्यंत वर्षातून किती वेळा येते, हे विचारणे आमचे कर्तव्य आहे.

यंत्रणा येते, पण एखाद्या दिवसापुरती येते. २०१७मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात होणार म्हणून १५ सप्टेंबरला राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला आणि शाळाशाळांत चेंडू वाटले गेले. २०२३मध्ये राज्य शासन आणि बायर्न म्युनिक यांनी मिळून चौदा वर्षांखालील शाळकरी मुलांसाठी करंडक घेतला आणि त्यातून निवडलेल्या मुलांना जर्मनीची वाट दाखवली. तेव्हा राज्याचे क्रीडाखाते जामनेरच्या गिरीश महाजन यांच्याकडे होते, म्हणजे खानदेशाच्या घरीच होते. १४ डिसेंबर २०२५ रोजी वानखेडे मैदानावर लिओनेल मेस्सीच्या उपस्थितीत ‘महादेवा’ प्रकल्पाचा प्रारंभ झाला: तेरा वर्षांखालील तीस मुले, तीस मुली आणि पाच वर्षांची शिष्यवृत्ती. यातला प्रत्येक उपक्रम चांगला आहे आणि ‘महादेवा’ तर पाच वर्षांचा विचार करतो, ही मोठीच गोष्ट. पण साठ जागा छत्तीस जिल्ह्यांत वाटल्या तर जिल्ह्यामागे दोनही येत नाहीत. निवड चाचणी फार तर तयार झालेले मूल ओळखेल. तयार करण्याचे काम तिच्या आधीच्या पाच वर्षांत व्हायला हवे. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे सांगावे लागत नाही. आज ट्रकमध्ये चढणाऱ्या घडाचे रोप वर्षभरापूर्वी लावलेले असते, आणि मधल्या काळात पाणी तुटले तर व्यापारी कितीही चांगला असला तरी घड भरत नाही.

पाणी नेमके कुठे तुटते, ते पाहू. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. सोळा संघ उतरले तर त्यांतले आठ पहिल्याच सामन्यात घरी जातात आणि आणखी चार दुसऱ्या सामन्यात. म्हणजे बारा शाळांच्या मुलांना एक किंवा दोन सामने मिळतात. बोदवडसारख्या तालुक्यातला संघ पहाटेची एसटी पकडून जिल्ह्याच्या गावी येतो, तासाभराच्या आत हरतो, डबा खाऊन परत जातो. त्या मुलांचे त्या वर्षीचे स्पर्धात्मक फुटबॉल तिथेच संपते. हेच सोळा संघ साखळी पद्धतीने खेळले तर प्रत्येकाला पंधरा सामने मिळतील. गोल करणे हे चुकून शिकण्याचे कौशल्य आहे. चेंडू बारच्या वरून गेला, बचावपटूने अंगावर घेतला, गोलरक्षकाने अडवला, असे शंभरदा झाल्यावर पाय कुठे वळवायचा ते समजते. वर्षाला एक सामना खेळणाऱ्या मुलाला चुकायलाही वेळ मिळत नाही.

दुसरी अडचण पायाखालच्या मातीची. खानदेशची काळी कसदार जमीन कापसाला चांगली, मैदानाला कठीण. पावसाळ्यात तिचा चिखल होतो, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मुरूम टाकून, रोलर फिरवून, गवत राखून तिचे मैदान करावे लागते आणि दर वर्षी सांभाळावे लागते. अशी निगा न राखलेल्या पटांगणावर वेगात आलेला चेंडू टप्प्यागणिक दिशा बदलतो. बगलेवरून धावणाऱ्या मुलाने तो पहिल्या स्पर्शात पायाशी थांबवायचा असतो. इथे तो नडगीवर आदळतो किंवा रेषेबाहेर जातो. पहिला स्पर्श सहा ते बारा या वयात पायात मुरतो. तेव्हा चुकला की पुढे मोठमोठ्या प्रशिक्षकांनाही तो दुरुस्त करणे जड जाते. त्यातच गावातली मोकळी मैदाने सभा, प्रदर्शने आणि महोत्सवांना दिली जातात आणि कार्यक्रम उरकल्यावर मंडपाचे खड्डे आणि खिळे मागे राहतात. जळगावचे सागर पार्क असो की धुळ्याचे गरुड मैदान, या जागांवर पहिला हक्क मुलांचा आहे.

तिसरी अडचण शिकवणाऱ्याची. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसतो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच शारीरिक शिक्षणासाठी निदेशक, तोही अंशकालीन. छोट्या पटाच्या शाळांना तेवढेही नाही. अशा शाळेत पोचलेला चेंडू कपाटात जातो, यात गुरुजींचा दोष काढता येणार नाही. त्यांना कुणी शिकवलेलेच नाही.

आपल्याच राज्यात उलटे उदाहरण आहे. कोल्हापुरात पेठापेठांचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल ही नावे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग शाहू स्टेडियमवर भरते आणि पेठेतला माणूस कामधंदा बाजूला ठेवून सामना पाहायला जातो. त्या वातावरणातून आणि राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून अनिकेत जाधव हा आघाडीपटू पुढे आला आणि २०१७च्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पंचगंगेच्या पाण्यात फुटबॉलचे वेगळे गुण नाहीत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या साखळी सामने झाले, म्हणून खेळाडू झाले.

जगाकडे पाहिले तर आपली सबब आणखीच फोल ठरते. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, २०११च्या जनगणनेतल्या एकट्या जळगाव शहराच्या चार लाख साठ हजारांहून कमी. त्या देशाने २०१६च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला हरवले आणि २०१८च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला बरोबरीत रोखले. बर्फात मुले खेळू शकत नाहीत म्हणून त्यांनी छप्पर असलेली मैदाने बांधली आणि लहान मुलांच्या हाती परवानाधारक प्रशिक्षक दिले. आपला शत्रू बर्फाऐवजी ऊन आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो आणि नेमक्या सुटीच्या दिवसांत मैदान ओस पडते. आइसलँडला छप्पर लागले. आपल्याला चार दिवे पुरतील. संध्याकाळी सहानंतर प्रकाशझोतात खेळण्याची सोय झाली तर उन्हाळी सुटी हाच खानदेशच्या फुटबॉलचा सर्वांत भरघोस हंगाम होऊ शकतो.

काही जण म्हणतील, शेतकरी कापसाच्या भावासाठी झगडतो आहे, पाण्याची बोंब आहे. अशा वेळी फुटबॉल कशाला? या प्रश्नामागची कळकळ खरी आहे. पण मुलांच्या खेळावर आपण जे थोडे खर्च करतो, तेही क्रीडा संकुलाच्या इमारतीत आणि उद्‌घाटनात जाते. आम्ही मागतो आहोत ते त्याहून स्वस्त आहे. कबड्डी, खो-खो, कुस्तीच्या तोंडचा घासही आम्हाला काढायचा नाही. राखलेले मैदान आणि शिकलेला शिक्षक मिळाला तर प्रत्येक खेळ वर येईल.

काय करता येईल, ते स्पष्ट सांगतो. जळगावचे पंधरा आणि धुळ्याचे चार, असे एकोणीस तालुके. प्रत्येक तालुक्यात बारा वर्षांखालील आठ संघांची साखळी स्पर्धा, सात-सात खेळाडूंची, अर्ध्या मैदानावर, दर रविवारी. एका संघात बारा मुले धरली तर १,८२४ मुले होतात आणि दुहेरी साखळीत प्रत्येक संघाला चौदा सामने मिळतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८मध्ये सुरू केलेल्या गोल्डन बेबी लीगचा, म्हणजे आताच्या ब्ल्यू कब्सचा, हेतू हाच आहे. नवे काही शोधून काढायचे नाही. तालुक्याला दोन शिक्षकांना महासंघाच्या डी लायसन्स प्रशिक्षणाला पाठवावे. दोन्ही जिल्हे मिळून अडतीस शिक्षक. तालुक्याला एक मैदान निवडून मुरूम, रोलर आणि दिव्यांची तरतूद जिल्हा नियोजन समितीने करावी आणि हंगामात त्या मैदानावर मंडप ठोकायला परवानगी देऊ नये. जिल्हाधिकारी हे जिल्हा क्रीडा परिषदेचे अध्यक्ष असतात. हा आदेश त्यांच्या सहीने निघू शकतो. भुसावळच्या रेल्वेने आणि आयुध निर्माणीने आपली मैदाने रविवारी मुलांना खुली करावीत. बहिणाबाई चौधरी विद्यापीठाने शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना पंच म्हणून पाठवावे. खेळाडू घडवण्यात उद्योगांचा हात किती मोठा असू शकतो, हे जळगावच्या जैन स्पोर्ट्स अकादमीने दाखवले आहे. शिरपूरच्या संस्थांनी आणि दोन्ही शहरांतल्या व्यापाऱ्यांनी एकेका तालुक्याची लीग दत्तक घ्यावी.

आणि प्रत्येक तालुक्यातल्या या आठ संघांतले निदान तीन मुलींचे असावेत. पुरुषांचा संघ पात्रतेत अडखळत असताना भारतीय महिलांनी जुलै २०२५मध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीत हरवून आशियाई करंडकाची पात्रता मैदानावर कमावली. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांतल्या मुलींना चेंडू, बूट आणि रविवारचा सामना मिळाला तर त्या यशात खानदेशचाही वाटा असेल.

वेळ थोडा आहे. आज जे मूल नऊ वर्षांचे आहे ते २०३४च्या विश्वचषकाच्या वेळी सतरा-अठराचे होईल. त्या मुलाचे शिकण्याचे वय येत्या तीन वर्षांत सरणार आहे आणि कुठल्याही निधीने ते परत आणता येणार नाही. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी बैठक बोलवावी, मैदाने आणि शिक्षक ठरवावेत आणि लीगचे वेळापत्रक जाहीर करावे. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदार-खासदारांनी त्यासाठी लागणारा निधी आपल्या खात्यातून द्यावा. पालकांनी आणि माजी खेळाडूंनी हे वेळापत्रक मागायला जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या दारात उभे राहावे. पहिल्या रविवारी किती तालुक्यांत सामने झाले, याचा हिशेब आम्ही जाहीरपणे मागणार आहोत आणि तो मिळेपर्यंत मागत राहणार आहोत.