बिऱ्हाडाबरोबर हलणारी बाग

"अकरा महिन्यांचा करार, चार बाय आठची बाल्कनी, आणि बरोब्बर खालच्या मजल्यावर मालकीणबाई! सासूबाईंचं आजारपण, लोकलची धावपळ यांतून पाच मिनिटं हिरवळीत टेकावंसं वाटतं. बाग करू का?" असं डोंबिवलीच्या एका भगिनीनं विचारलं आहे.

करा हो, जरूर करा. पण रोपवाटिकेत जाण्याआधी दोन दिवस ऊन कुठवर येतं, किती वेळ टिकतं, ते नुसतं पाहा. पाच-सहा तास ऊन असेल तर मोगरा, तुळस, कढीपत्ता लावावा. सकाळचं दोन-तीन तासच असेल तर पुदिना आणि पानओवा. उन्हाचं दर्शनच नसेल तर मनीप्लँट आणि स्नेक प्लँटवर समाधान मानावं. सावलीत मोगरा ठेवून कळ्यांची वाट पाहण्यात माझी दोन वर्षं फुकट गेलीत!

नुसत्या मातीनं भरलेली बारा इंची कुंडी भिजली की वीस किलोच्या पुढे जाते. म्हणून लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या भागांत मिसळा आणि आठ-दहा इंची प्लॅस्टिकच्या कुंड्या घ्या. कुंड्या भिंतीच्या बाजूला ठेवा. कठड्यावर एकही नको, वाऱ्यानं पडली तर खाली कुणाचं तरी डोकं असतं. भिंतीत खिळेही ठोकू नका; डिपॉझिट परत घेताना ते आठवतात.

आता पाणी. खरी भांडणं इथंच होतात. आमच्या पहिल्या बिऱ्हाडी खालच्यांनी वाळत घातलेल्या कुरडयांवर माझ्या कुंडीतलं पाणी ठिबकलं. चूक माझीच, पण पुढं सहा महिने जिन्यात आम्ही एकमेकींकडे पाहत नव्हतो. तेव्हापासून प्रत्येक कुंडीखाली ताटली आलीच. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं; कोरडं लागलं तरच तांब्यानं सावकाश पाणी घालावं. अर्ध्या तासानं ताटलीत उरलेलं पाणी ओतून टाकायचं. डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतात आणि त्यांची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून राहतात, तेव्हा आठवड्यातून एकदा ती घासायलाही हवी. चहाचा चोथा घालणार असाल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर मुंग्यांची रांग लागलीच.

आणि दिसेल ते रोप उचलून आणू नका, बरं का. दहा जातींची दाटी केली की ती अडगळच वाटते. तीन-चार जाती, एकाच रंगाच्या कुंड्या, आणि एक पाट मावेल एवढी जागा मोकळी. तिथं सुकायला कपडे नाहीत, रद्दी नाही. ती जागा तुमची, सासूबाईंना दुपारचं औषध देऊन झाल्यावर टेकायची.

पहिला पुदिना फुटला की मूठभर मालकीणबाईंना नेऊन द्या. आणि घर बदलायच्या वेळी आदले दोन दिवस कुंड्यांना पाणी घालू नका. माती कोरडी असली की कुंड्या हलक्या होतात आणि टेम्पोवाला कुरकुर करत नाही.