बाळ काचेत, आई दाराबाहेर : कोरोनातल्या त्या नियमाने काय शिकवलं?

‘बाळाला काचेत ठेवलंय’ हे वाक्य आपल्या घरांत आजही दबक्या आवाजात सांगितलं जातं. कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा जन्मल्यावर नीट श्वास न घेणारं बाळ नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत जातं. सरकारी रुग्णालयात याच कामाचा विभाग एसएनसीयू म्हणून ओळखला जातो. २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली आणि त्यातली ३० लाखांच्या आसपास भारतातली होती, असा जागतिक अंदाज आहे. यातली सगळीच काचेत गेली नाहीत. पण ज्यांची गेली, त्या आयांच्या वाट्याला दुहेरी काळजी आली : बाळ जगेल का, आणि मला त्याला बघू तरी देतील का?

मार्च २०२० नंतर अनेक रुग्णालयांनी या विभागांची दारं नातेवाईकांना बंद केली. कुठे दिवसातून एकदा काही मिनिटं, कुठे फक्त फोनवर माहिती, तर कुठे आईचा कोरोना रिपोर्ट येईपर्यंत काहीच नाही. टाके ओले असतानाच आईला डिस्चार्ज मिळे आणि बाळ मात्र तिथेच राही. गाड्या बंद, एसटी बंद. कुणाच्या अब्बांना बाळाच्या कानात अजान देता आली नाही, कुणाचा अकिका पुढे गेला. धीर द्यायला येणाऱ्या नानी-दादी, खाला, फुफू सगळ्याच घरात अडकलेल्या.

एनआयसीयूतल्या पालकांचा ताण मोजण्यासाठी अमेरिकेतल्या मार्गारेट माइल्स यांनी १९९३ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती तीन गोष्टी विचारते : तिथली यंत्रं आणि आवाज, नळ्या लावलेल्या बाळाचं रूप, आणि आई-बाप म्हणून आपल्याला काहीच करता येत नाही ही भावना. कित्येक देशांतल्या अभ्यासांत सर्वाधिक ताण या तिसऱ्या गोष्टीचाच निघाला. कोरोनातल्या नियमांनी नेमकी हीच जखम खोल केली. तेव्हा ‘बाई फारच घाबरट आहे’ म्हणून हा विषय संपत नाही. तिच्या घाबरण्यात व्यवस्थेचा मोठा वाटा होता. त्यात ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूला आग लागून १० बाळं दगावली. त्या बातमीनंतर बाळ काचेत ठेवून घरी परतलेल्या आईला झोप लागली नसेल, तर नवल काय?

या ताणाचा परिणाम बाळापर्यंत पोहोचतो. काळजीने आणि दुराव्याने आईला पान्हा फुटायला अडथळा येतो. बाळ जवळ नसेल आणि दूध वारंवार काढलं गेलं नाही, तर ते कमी होत जातं. आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाला आईच्या दुधाची गरज तर सर्वांत जास्त असते.

रुग्णालयांची बाजूही समजून घ्यायला हवी. सुरुवातीला आजाराची पूर्ण माहिती नव्हती, पीपीई किट अपुरी होती, आणि एक नर्स पॉझिटिव्ह आली तर अख्खा विभाग अडचणीत येण्याची भीती होती. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच सांगितलं होतं की कोरोना झालेली आईही मास्क लावून, हात धुऊन बाळाला जवळ घेऊ शकते, पाजू शकते. तरीही मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६२ देशांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांनी सांगितलं की कोरोना झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या आयांना बाळ छातीशी धरू दिलं जात नाही. त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या एका अंदाजानुसार, बाळ छातीशी धरण्याची ही पद्धत, म्हणजे कांगारू केअर, सर्वत्र राबवली तर सव्वा लाखापर्यंत नवजात बाळांचा जीव वाचू शकतो. कोरोनामुळे अशा बाळांना असलेला मृत्यूचा धोका २,००० पेक्षा कमी होता. म्हणजे एका धोक्यापासून वाचवताना आपण बाळांना दुसऱ्या, कितीतरी मोठ्या धोक्यात ढकललं.

याला भक्कम पुरावाही मिळाला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत ३,२११ बाळांवर एक मोठा अभ्यास झाला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईजवळ ठेवलं, आईचा पलंगच विभागाच्या आत आणला. २८ दिवसांच्या आतल्या मृत्यूंचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं.

आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तर २०१७ मध्येच आजारी नवजात बाळाच्या देखभालीत आई-वडिलांना सामील करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. कागद तयार होता. संकट येताच सर्वांत आधी तोच बाजूला पडला, कारण आईची गणना ‘भेटायला आलेल्या’ माणसांत झाली. ती उपचाराचा भाग आहे, हे पुढची साथ येण्याआधी नियमात पक्कं बसायला हवं. आईसाठी पलंग, दूध काढायला आडोसा आणि दिवसातून दोनदा बाळाची खबर, एवढ्या मागण्या आपले लोकप्रतिनिधी आणि सामाजिक संस्था आजही लावून धरू शकतात.

घरच्यांचंही काम आहे. ‘सब्र कर’, ‘रडू नकोस, दूध आटेल’ हे प्रेमानेच म्हटलं जातं, पण त्याने आई आणखी गप्प होते. चिल्ल्याचे चाळीस दिवस बाहेर पडायचं नाही म्हणून तिला बाळापासून अडवू नका, सोबत करा. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे. पण दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, भूक नाही, छातीत धडधड, ‘माझ्यामुळेच झालं’ असे विचार चालू असतील, तर डॉक्टरांना दाखवा. जीव द्यावासा वाटतो असं ती बोलली, तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत असते, हेही विचारून घ्या. पैशाची चिंता तेवढी तरी हलकी होईल.

काचेतल्या बाळाची तब्येत विचारायला सगळेच फोन करतात. पुढच्या वेळी फोन कराल, तेव्हा त्याच्या अम्मीला झोप लागली का, हेही विचारा.