दबलेल्या तारेचा खटला

बेस गिटारची एक तार बाकीच्या तिघींपेक्षा दबून वाजू लागली की तिच्याभोवती न बोलावता वैद्य जमतात. दुकानदार सांगतो, तारा गेल्या, नवा संच टाका. मिक्सरवर बसलेला सांगतो, तुम्ही वाजवा हो, मी इथनं उचलतो. जुना वादक हसून म्हणतो, तारेला काही झालेलं नाही, बोट हलकं पडतंय. आणि शेजारी उभा असलेला एखादा हौशी थेट गिटारच बदलायला निघतो. चौघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणून ते खोडून काढायला वेळ लागतो. माझा पक्ष आधीच मांडून ठेवतो. तार सगळ्या पडद्यांवर सारखीच दबत असेल, तर पहिला संशय तिच्याखालच्या, तिचा आवाज उचलणाऱ्या पिकअपच्या उंचीवर घ्यावा आणि पहिलं हत्यार स्क्रूड्रायव्हर असावं. बाकीचे उपाय त्यानंतर.

अंथुर्णे, लासुर्णे, सणसर, वालचंदनगर या आमच्या पट्ट्यात लग्नात-यात्रेत ऑर्केस्ट्रा बसतो तेव्हा खर्जाचं काम बहुधा कीबोर्डवाल्याचा डावा हातच उरकतो. तिथे प्रत्येक सूर मशीनमधून मापून आल्यासारखा सारखा येतो. ऐकणाऱ्यांचे कान त्यालाच सरावले आहेत. अशा ठिकाणी कुणी खरीखुरी बेस गिटार घेऊन उभा राहिला आणि त्याची एक तार दबली, की लोकांना कारण कळत नाही, पण गाणं मध्येच खचल्यासारखं वाटतं. मग दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्राचा मालक म्हणणारच, कीबोर्डवर भागतंय की, माणूस कशाला वाढवायचा? तेव्हा हा वाद हौसेचा राहत नाही, बेसवाल्याच्या पोटाचा होतो.

पहिला समाचार मिक्सरवाल्याचा, कारण त्याचा दावा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात पोकळ आहे. बेसच्या ई, ए, डी आणि जी या चार मोकळ्या तारा साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झवर वाजतात. समजा ७३ ची तार, म्हणजे डी, दबते आहे. मिक्सरवाला इक्वलायझरचं बटण ७३ च्या आसपास नेऊन उचलतो. पण तोच सूर ए तारेच्या पाचव्या पडद्यावर आहे आणि ई तारेच्या दहाव्यावरही आहे. तिथे तो मुळात भरपूर होता, आता ढणढणू लागतो. उलट डी तारेवरच पाच पडदे वर चढलात की सूर ९८ वर जातो. तिथे बटणाचा आधार सुटतो आणि तार पुन्हा दबते. दोष तारेत, आणि इलाज सुरावर! पिकअपमधून निघताना चारही तारांचा आवाज एकाच वायरीत मिसळलेला असतो. त्या वायरीच्या टोकाला बसलेल्या माणसाला सूर वेगळे करता येतात, तारा वेगळ्या करता येत नाहीत. कॉम्प्रेसरचीही तीच गत. तो मोठ्याला दाबतो आणि लहानाला सावरतो खरा, पण वादकाने मुद्दाम दिलेला ठोसा आणि चुकून मोठी वाजलेली तार यांतला फरक त्याला कळत नाही. दोन्ही तो सारखेच चेपतो. कॉम्प्रेसर वाईट नव्हे. गिटार सरळ झाल्यावर तो लावा.

आता तार वेगळी ओळखता येते ती जागा कोणती? पिकअप, आणि तीही आवाज वायरीत शिरण्याआधी. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे, एवढाच हा प्रकार. वर पोलादाची तार थरथरते, चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज उठते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. या क्षेत्राची एक खोड आहे. अंतर वाढलं की ते भराभर ओसरतं. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण कानाला लागतो. शिवाय जाड तारेत पोलाद जास्त, म्हणून तेवढ्याच अंतरावरून ती अधिक बोलते. आणि तिसरी गोष्ट फार थोडे लोक पाहतात. बेसच्या दांडीचा माथा किंचित कमानदार असतो, तारा त्या कमानीला धरून बसवलेल्या असतात आणि पिकअप मात्र बहुतेक वेळा सपाट असतो. म्हणजे मधल्या दोन तारा चुंबकापासून कडेच्या तारांपेक्षा दूर राहतात. ए आणि डी दबल्याच्या तक्रारी का येतात, याचं बरंचसं उत्तर या कमानीत आहे.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं मान्य करू. घामाने काळ्या पडलेल्या, मेलेल्या तारांवर उंची लावण्यात अर्थ नाही. आधी तारा बऱ्या हव्यात, दांडी सरळ हवी, घोडीवर तारांची उंची ठरलेली हवी. पिकअपचं अंतर तारेपासून मोजायचं असतं, तेव्हा तारच नंतर वर-खाली केली तर आधीचं मोजमाप पाण्यात. पण नवा संच चढवल्यावरही तीच तार तेवढीच दबत असेल, तर तारेची निर्दोष सुटका झाली असं समजावं. तरीही लोक दुसरा संच आणतात. बेसच्या तारा गिटारच्या तारांहून कितीतरी महाग, हे दुकानदाराला माहीत असतं.

बोटाच्या आरोपाची शहानिशा सोपी आहे. अंगठ्याने, एकाच जागी, एकाच जोराने चारही मोकळ्या तारा छेडा. मग पाचव्या पडद्यावर, मग बाराव्यावर. दबणं सगळीकडे सारखंच राहिलं तर बोट सुटलं. आर. डी. बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांच्यासारखा कसलेला हात असेल तर तो वाजवता वाजवताच तारांमधली तफावत भरून काढील, हे खरं. पण दबलेल्या तारेवर जोर वाढवला की नुसता आवाज वाढत नाही, पोतही बदलतो. तार पडद्यावर आपटते, खरखर मिसळते. हाताने झाकलेला दोष हाताचाच गुण खातो.

याच चाचणीत आणखी दोन गोष्टी हाती लागतात, आणि तिथे माझ्या पक्षाने माघार घेतली पाहिजे. फक्त मोकळी तार दबते आणि पडदा दाबला की सुधारते, तर खोट दांडीच्या टोकाच्या खाचेत आहे. एखाद्याच पडद्यावरचा सूर चटकन विझतो आणि शेजारचे नीट टिकतात, तर तो लाकडाच्या कंपनाचा दोष आहे. फेंडरच्या धर्तीच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्यांच्या आसपास तो हमखास भेटतो. तिथे पिकअप कितीही वर-खाली करा, उपयोग शून्य.

माझ्याच बाजूचे काही अतिउत्साही लोक मात्र मला विरोधकांपेक्षा जड जातात. ते म्हणतात, मग घ्या की पिकअप वर, जितका जवळ तितका दणका. हे घातक आहे. चुंबक तारेचा आवाज उचलतो तसा तारेला ओढतोही. फार जवळ नेला तर तार मोकळी झुलत नाही, सूर डगमगतो, वरच्या पडद्यांवर ट्यूनिंग जुळत नाही, आवाज लवकर मरतो. अंगठ्याने चापट मारून वाजवणाऱ्याची तार तर चुंबकावरच आपटून ‘टक’ करते. म्हणून दबलेल्या तारेकडची बाजू वर चढवण्याआधी, जास्त बोलणाऱ्या तारेकडची बाजू खाली उतरवून पाहावी. एकूण आवाज उतरला तर अॅम्पचं बटण थोडं पुढे सरकवायला कुणी अडवलेलं नाही. अर्थात फार खाली नेऊनही चालत नाही. मांडवातल्या जनरेटरची आणि लायटिंगची घरघर तेवढीच राहते, तारेचा आवाज मात्र बारीक होतो.

प्रत्यक्ष काम थोडं आहे. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि तारेच्या पोटापासून चुंबकाच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. जाड तारेकडे साधारण तीन मिलिमीटर, बारीक तारेकडे दोनच्या आसपास, इथून सुरुवात करावी. ट्रॅक्टरचे टॅपेट सेट करायची फीलर गेज घरात असेल तर तिची पानं एकावर एक ठेवून मोजा, पण ती पोलादाची असते, चुंबक ती खेचून घेईल, हे ध्यानात ठेवा. प्लॅस्टिकची मोजपट्टी बरी. मग स्क्रूला पाव वेढा, की लगेच वाजवून पाहायचं. फेंडरच्या धर्तीच्या बेसमध्ये स्क्रू लाकडात जातो, त्यामुळे आवळला की पिकअप खाली जातो आणि सैल केला की खालचा स्पंज त्याला वर ढकलतो. जुन्या गिटारीत हा स्पंज वाळून चपटा झालेला असतो. स्क्रू सैल होतो, पिकअप जागचा हलत नाही. ‘आमच्या गिटारला उंची बदलायची सोयच नाही’ ही तक्रार कितीतरी वेळा एवढ्याशा वाळक्या स्पंजाची असते.

प्रिसिजन बेस लिओ फेंडरने १९५१ मध्ये आणला आणि १९५७ मध्ये त्याच्या पिकअपचे दोन तुकडे केले. एक ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी खाली, दोघांचे स्क्रू वेगळे. जाड जोडी आणि बारीक जोडी एकमेकींशी जुळवायला याहून सोपी रचना मी पाहिलेली नाही. १९६० च्या जॅझ बेसला दोन आडवे पिकअप. त्यांतला घोडीकडचा थोडा जवळ ठेवावा लागतो, कारण तिथे तारेचा झोका लहान असतो. आणि एकट्या ए तारेची तक्रार असली, चुंबकाचे खुंट घट्ट बसवलेले असले, तर पिकअप तिरका करून भागत नाही. मग घोडीवर ती तार केसभर खाली घ्यावी, नाहीतर वेगवेगळे फिरणारे खुंट असलेला पिकअप शोधावा. उंचीच्या स्क्रूने सगळे आजार बरे होतात असं मी म्हणत नाही. तपासणीची सुरुवात त्याने करा, एवढंच म्हणतो.

एक सावधगिरी मात्र ठासून सांगतो. रात्री घरात, शेजारी उठू नयेत अशा बेताने वाजवून हे काम करू नका. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मांडलंय की आवाज लहान असताना आपला कान खर्ज फार कमी ऐकतो. हळू वाजवताना ई तार तुम्हाला दुबळी वाटेल, तुम्ही ती वर आणाल, आणि मांडवात मोठे बॉक्स लागले की तीच तार सगळ्यांच्या छातीवर बसेल. छोट्या स्पीकरमधून तर ४१ हर्ट्झ धड बाहेरच पडत नाहीत. ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात, शक्य तर त्याच अॅम्पवर, भर दुपारी बसा.

आणि हे सगळं आपल्याला नवं का वाटावं, हा माझा खरा प्रश्न आहे. तुकोबांची पालखी बेलवाडीचं गोल रिंगण उरकून अंथुर्ण्यात मुक्कामाला येते. तिथे कीर्तनाआधी पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. सूर चढा वाटला की थोडी वाढवायची, आवाज बसका वाटला की बोटाने खरवडायची. कीर्तनाला माइक असतो, मिक्सरही असतो. पण ‘राहू द्या तसाच, मशीनवर जमवू’ असं पखवाजवाल्याला म्हणण्याची कुणाची छाती आहे? वाद्याचा आवाज वाद्यावर जमतो हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. वालचंदनगर इथून हाकेवर. तिथल्या कारखान्यात साखरेच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या भागांपर्यंत लोखंड घडलं. घरोघरी फिटर आणि टर्नर. त्या घरातला पोरगा बेस गिटार घेतो आणि तिच्या स्क्रूला हात लावायला घाबरतो, हे मला पटत नाही.

भीतीचं कारण विचारलं की शेवटचा आक्षेप बाहेर येतो. कंपनीने बसवलेलं आपण कशाला हलवायचं? पण कंपनीने ते बसवलं तेव्हा गिटारवर तिच्या तारा होत्या, तुम्ही जाडी बदललीत. घोडी तिने ठरवली होती, तुम्ही तारा खाली घेतल्यात. दांडी तिच्या हवेत सरळ होती, आपल्याकडचा वैशाख आणि श्रावण तिने पाहिलेला नाही. पिकअप कायमचा बसवायचा असता तर खाली स्पंज घालून वर लांब आट्यांचे स्क्रू दिले नसते. तरी धीर होत नसेल तर हात लावण्याआधी दोन्ही कडांचं अंतर वहीत लिहून ठेवा, प्रत्येक स्क्रू किती फिरवला ते लिहा. नाहीच आवडलं तर तेवढाच उलटा फिरवायचा.