एकाधिकार कोणाचा? घेणाऱ्याचा की धरणाऱ्याचा?



कापूस-ज्वारीच्या मुलखात मासळीची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. आपल्यातल्या पुष्कळांनी समुद्र पाहिलेलाही नाही. पण मेक्सिकोतल्या एका बेटावरच्या कोळ्यांनी जे करून दाखवले ते जिल्हा बैठकीत बोलण्यासारखे आहे, म्हणून इथे मांडतो.

बेटाचे नाव नातिविदाद. बाहा कॅलिफोर्निया नावाचा लांबोडका द्वीपकल्प आहे, त्याच्या प्रशांत महासागराच्या अंगाला हे बेट. पाऊस नावापुरता. वस्ती काहीशे माणसांची. १९४०च्या दशकात इथल्या पाणबुड्यांनी आणि मच्छीमारांनी सहकारी संस्था काढली. त्यांचा मुख्य माल दोन प्रकारचा : एक शेवंड, म्हणजे कोळंबीच्या जातीचा मोठा कवचवाला जीव, आणि दुसरी ॲबलोन, खडकाला चिकटून राहणारी मोठी समुद्री गोगलगाय. दोन्ही महागडी, परदेशी जाणारी.

बेटाभोवतीच्या ठरलेल्या पाण्यात हा माल धरण्याचा हक्क फक्त या संस्थेचा. पूर्वी मेक्सिकोच्या सरकारने असा मौल्यवान माल सहकारी संस्थांसाठी राखूनच ठेवला होता. १९९२च्या कायद्याने ते आरक्षण गेले आणि २० वर्षांच्या मुदतीने ठरावीक क्षेत्राचा हक्क देण्याची पद्धत आली. म्हणजे एकाधिकारच. हा शब्द ऐकला की विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडावीच. १९७२ साली महाराष्ट्रात कापसाचा एकाधिकार आला तो घेणाऱ्याचा होता. पिकवणारे लाखो, घेणारा एक. ग्रेड कोणती आणि चुकारे कधी, ते त्याने ठरवायचे. शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळत असले तरी गाडी हद्दीपार नेली की शेतकरी चोर. नातिविदादचा एकाधिकार माल काढणाऱ्यांचा आहे. दोन्हीला शब्द एकच, ही भाषेची थट्टा.

हक्क आपला झाला की माणूस कसा वागतो पाहा. शेवंडीचे पाठीचे कवच ८२.५ मिलिमीटरपेक्षा कमी भरले तर ती परत पाण्यात. पोटाशी अंडी असलेली मादी परत पाण्यात. लहानांना निसटता यावे म्हणून सापळ्याला फट. विणीच्या महिन्यांत सापळे बंद. नियम सरकारी कागदावरही आहेत, पण चोरांवर पहारा देणाऱ्या होड्या संस्थेच्या, त्यांचे इंधनही संस्थेच्या पैशाचे. आपल्याकडे २०२३ साली पापलेट हा राज्यमासा जाहीर झाला, लहान मासळी धरू नये असा नियमही आला. पण रात्री भर समुद्रात तो पाळला जातो की नाही हे पाहणार कोण? ज्याची मासळी आहे तोच पाहील. मंत्रालयातला साहेब पाहणार नाही.

२००६ साली संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. आपल्या क्षेत्रापैकी सुमारे ८ टक्के पाणी, दोन तुकडे, तिने मासेमारीला पूर्ण बंद केले. आणि २००९-१० मध्ये आपत्ती आली. समुद्रातला प्राणवायू घटला आणि ॲबलोन ढिगांनी मेली. राखलेल्या तुकड्यात मेली, बाहेरही तितकीच मेली. राखण केली म्हणून मरण टळले नाही. पण पुढे जे झाले ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. बाहेरच्या पाण्यात पिल्ले फार घटली, राखलेल्या तुकड्यात ती टिकून राहिली. कारण तिथे वाचलेल्या माद्या मोठ्या अंगाच्या होत्या आणि मोठी मादी अंडीही भरपूर घालते. ती पिल्ले लगतच्या उघड्या पाण्यातही पसरली. आपल्या आज्या सगळ्यांत भरदार कणीस बियाण्याला बाजूला काढीत, त्यातलाच हा हिशेब. (कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाने ती सवय मोडली, तो विषय वेगळा.)

पोटाला चिमटा काढा आणि निसर्ग वाचवा, असा उपदेश शहरातून येतो त्याचा आम्हाला तिटकारा आहे. या कोळ्यांनी उपदेश ऐकून ८ टक्के सोडलेले नाही. सोडलेले उद्या आपल्याच सापळ्यात येणार, शेजारचा उचलून नेणार नाही, याची खात्री होती म्हणून सोडले. २००४ साली तिथल्या सहकारी संस्थांच्या शेवंडीला मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. त्याने भावात फारसा फरक पडला नाही. माल मुख्यतः आशियाच्या बाजारात जाई आणि तिथे ते प्रमाणपत्र कोणी विचारीत नसे. तेव्हा कोणी सेंद्रिय, शाश्वत असले शिक्के दाखवून जादा भावाचे गाजर पुढे केले, तर आधी माल घेणारा कोण ते विचारावे.

आता आपले. जमीन प्रत्येकाची वेगळी, पण खालचे पाणी शेवंडीसारखे, बांध मानत नाही. मी राखले तर शेजारी ३०० फूट खाली जाऊन उपसतो. १९९३च्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको असे लिहिले होते. किती गावांत ते पाळले गेले, ज्याचे त्याने आठवावे. उलट हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, असे गावात बसून ठरवले आणि पाळले. तिथे गाव एकजूट होते म्हणून जमले. जिथे एकजूट नाही तिथे नुसता ठराव एका धनदांडग्यासमोर टिकत नाही. म्हणून बैठकीपुढे आमचा प्रश्न असा : ज्या गावाने आपल्या पाण्याचा नियम स्वतः केला, त्या गावाला तो मोडणाऱ्याचे यंत्र थांबवण्याचा कायदेशीर हक्क द्या, अशी मागणी आपण सरकारकडे करायची का?