डिस्टिल्ड पाण्यातला कार्बन आणि देवबागची विहीर

करवंटी जाळायची, फॉस्फरिक आम्लात भिजवून पुन्हा भट्टीत घालायची, धुऊन वाळवायची. मग डिस्टिल्ड पाण्यात लिटरला 50 मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक विरघळवून त्यात ती पूड ढवळायची आणि गाळून यूव्हीवर मोजायचे. लँगम्युरची रेषा छान येते, ग्रॅमला शंभर-दोनशे मिलिग्रॅम क्षमता निघते आणि शेवटच्या परिच्छेदात स्वस्त, स्थानिक, पर्यावरणपूरक ही तीन विशेषणे पडतात. या साच्यातले लेख आमच्या टपालात सतत असतात. त्यांतली मोजमापे बहुधा बरोबरच असतात. पण सिंधुदुर्गातल्या एखाद्या रुग्णालयाचा ईटीपी चालवणाऱ्याने तो लेख वाचून उद्या सकाळी किती कार्बन टाकायचा, याचे उत्तर त्यात नसते.

हिशेब करून पाहू. रोजचे सांडपाणी एक लाख लिटर आणि त्यात लिटरला 1 मायक्रोग्रॅम डायक्लोफिनॅक धरा. दिवसाचे औषध झाले 0.1 ग्रॅम. ग्रॅमला 100 मिलिग्रॅम क्षमता खरी मानली, तर रोज एक ग्रॅम कार्बन पुरायला हवा, चहाच्या चमच्यात मावेल एवढा. युरोपात जैविक प्रक्रिया झालेल्या सांडपाण्यात पूड कार्बन लिटरला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम घालतात. 15 धरले तर आपल्या एक लाख लिटरला दीड किलो. दीड हजार पटींचा हा फरक लेखांच्या निष्कर्षात कुठेही दिसत नाही.

फरकाची कारणे दोन. पहिले म्हणजे क्षमता ही कार्बनच्या कपाळावर कोरलेली नसते, ती पाण्यात उरलेल्या तीव्रतेबरोबर खाली येते. लिटरला 50 मिलिग्रॅमवर मिळालेला आकडा 1 मायक्रोग्रॅमवर लावताच येत नाही. दुसरे कारण गर्दीचे. जैववैद्यकीय कचरा नियम 2016 नुसार रुग्णालयाच्या सांडपाण्याचा सीओडी लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. हे ऑक्सिजनच्या मापातले असले तरी सेंद्रिय पदार्थ औषधाच्या किती पट आहेत, त्याचा अंदाज येतो. त्यांतले लहान रेणू औषधाच्या जागा बळकावतात, मोठे रेणू सूक्ष्म छिद्रांची तोंडे बुजवतात. करवंटीच्या कार्बनमध्ये दोन नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रेच जास्त. औषध पकडायला ती उत्तम आणि बुजायलाही पहिली. नुसत्या आयोडीन नंबरवर माल घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

लिटरला मिलिग्रॅमच्या घरात औषध असलेले सांडपाणी आपल्या देशात सापडलेले आहे. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत होते, हे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. ती कारखान्यांची गोष्ट. मालवण किनाऱ्यावर औषध येते ते माणसाच्या पोटातून. गोळी गिळली की तिचा काही भाग मूळ रूपात किंवा थोडा बदलून शौचालयात जातो. 2016 च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला. त्या शौचालयांच्या खाली सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा आहे, आणि बरेचदा त्याच आवारात बाव. पर्यटनाच्या हंगामात तारकर्ली-देवबागच्या निवास-न्याहारीच्या घरांत वस्ती वाढते, टाकी तेवढीच राहते. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते आणि सांडपाणीही त्याच वाळूत मुरते.

आत सरकले की वाळू संपून जांभा लागतो आणि तिथले रसायन वेगळे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने शेतात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन दिले जाते. हे टेट्रासायक्लिनच्या कुळातले औषध लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडना घट्ट चिकटते, आणि जांभा त्यांचाच बनलेला. म्हणजे पाणी मातीतून सावकाश झिरपले, तर यातला बराच भाग जमीनच धरून ठेवते. (धरून ठेवणे म्हणजे नष्ट करणे नव्हे, हे सांगायला नको.) आकडीवरच्या कार्बामॅझेपिनला मात्र जांभा अडवत नाही. ते विद्युतभाररहित आहे, जीवाणूंनाही फारसे पचत नाही. शिवाय जांभ्यात पोकळ्या असतात. श्रावणात पाणीपातळी वर आली की टाकीतले पाणी मातीला न शिवताच विहिरीकडे जाऊ शकते.

म्हणून चाचणीला डायक्लोफिनॅक एकटे पुरणार नाही. 104 देशांतल्या 258 नद्यांच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सर्वाधिक ठिकाणी सापडले ते कार्बामॅझेपिन, मेटफॉर्मिन आणि कॅफिन. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन घराघरात आहे, आणि कार्बनवर ते जेमतेमच बसते. ते पाण्यात अतिशय विरघळते आणि धनभारित असते. कार्बामॅझेपिन निघाले म्हणून मेटफॉर्मिन निघाले असे कोणी सांगू लागला, तर त्याचा अहवाल परत पाठवावा.

कार्बन कसा बनवला, यावरही बरेच ठरते. वाफेने सक्रिय केलेल्या करवंटीच्या कार्बनचा पृष्ठभाग सहसा अल्कधर्मी असतो. साध्या पाण्यात त्यावर धनभार येतो आणि डायक्लोफिनॅकचा ऋणभारित रेणू ओढला जातो. फॉस्फरिक आम्लाने बनवलेला कार्बन आम्लधर्मी, तो याच रेणूला दूर ढकलतो. कॉलेजच्या भट्टीत दुसरी पद्धत सोपी पडते, म्हणून तीच छापून येते. धुण्यात गेलेले आम्ल आणि फॉस्फेट कुठे सोडले, हे कोणी लिहीत नाही. काजूच्या टरफलावरही काम होते आहे. वेंगुर्ले-सावंतवाडीकडे त्याचा तोटा नाही, पण आधी त्यातले तेल काढा. नाहीतर भट्टीचा धूर शेजाऱ्यांना सोसावा लागेल.

कार्बन प्रत्येक विहिरीवर बसवण्याच्या योजना आम्हाला पटत नाहीत. औषध जिथे एकवटते, तिथे तो असावा, म्हणजे रुग्णालयाच्या जैविक प्रक्रियेनंतर आणि वाळूच्या गाळणीनंतर. एक लाख लिटरला पंधरा मिनिटांचा रिकाम्या बेडचा संपर्ककाळ धरला, तर दाणेदार कार्बन लागेल सुमारे एक घनमीटर, साधारण 500 किलो. हे कोणत्याही तालुक्याच्या आवाक्यातले आहे. कठीण आहे ते बेड कधी संपला हे ओळखणे, कारण ब्रेकथ्रू डोळ्याला दिसत नाही, वासालाही कळत नाही. एलसी-एमएस तालुक्याला नसतो. 254 नॅनोमीटरवरचे यूव्ही शोषण नियमित नोंदवले, तर निदान कल लक्षात येतो. संपलेला कार्बन पुन्हा वापरायचा, तर आठशे अंशांच्या आसपासची भट्टी हवी. ती नसेल तर तो कोणाच्या ताब्यात द्यायचा, हे निविदेतच लिहा. माडाच्या आळ्यात ओतणे हा पर्याय नव्हे.

नियमांचा धाक मात्र कोणालाच नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मध्ये औषधांना मर्यादा नाही. औषधनिर्मितीच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांसाठी जानेवारी 2020 च्या मसुद्यात मर्यादा आल्या, 2021 च्या अंतिम अधिसूचनेत गळाल्या. युरोपीय संघाने 2024 च्या नव्या निर्देशात चौथ्या टप्प्याच्या प्रक्रियेचा किमान 80 टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांवर टाकला. आपल्याकडे तो आज रुग्णालयाच्या नाहीतर नगरपरिषदेच्या माथी येईल. त्यामुळे एक किलो कार्बनमागे किती पाणी खरोखर शुद्ध झाले, हा आकडा आपल्याजवळ पक्का हवा.

तेव्हा लेखकांना एक विनंती, किंवा अटच म्हणा. कार्बनवरचा लेख पाठवताना डिस्टिल्ड पाण्यासोबत एका खऱ्या पाण्यातले निकाल जोडा: विहिरीचे, टाकीचे किंवा ईटीपीचे, एकदा वैशाखातले आणि एकदा श्रावणातले. औषधाची सुरुवातीची तीव्रता मायक्रोग्रॅममध्ये ठेवा. पाण्याचा पीएच, क्षारता आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन नोंदवा, स्तंभातून ब्रेकथ्रूपर्यंत किती बेड-घनफळे गेली ते लिहा, आणि बाजारातला साधा वाफेचा करवंटी कार्बन तुलनेला घ्या. तुमचा कार्बन त्याच्यापुढे हरला, तरी लेख छापू.