'संघर्ष' या संज्ञेचा सुळसुळाट

इंग्रजीतील 'कॉन्फ्लिक्ट' आणि 'स्ट्रगल' या दोन भिन्न संज्ञांना मराठी समीक्षेने 'संघर्ष' हा एकच प्रतिशब्द बहाल केला आहे. परिणामी नायकाचे मनोद्वंद्व, भाऊबंदकीतला कलह, वर्गविग्रह आणि दोन भाषांचा शेजार या साऱ्यांवर एकच शिक्का बसतो. वस्तुतः 'कॉन्फ्लिक्ट' ही परस्परविरोधाची स्थिती होय. तिच्यात कर्ता अध्याहृत राहू शकतो. 'स्ट्रगल' ही हेतुपूर्वक केलेली झुंज. ती कर्त्यावाचून संभवत नाही. हा भेद पुसला की समीक्षेतून कर्ताच नाहीसा होतो.

चौलच्या परिसराचा इतिहास या संज्ञेचे दुबळेपण उघड करतो. १५०८मध्ये चौलच्या बंदरात इजिप्त व गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना हरवले, ती लढाई. १५७०-७१मध्ये निजामशाही फौजेने तेथील पोर्तुगीज ठाण्याची कोंडी केली, तो वेढा. अलिबाग तालुक्यातच चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले, तो संप. 'खोत-कूळ संघर्ष' म्हणताच पिळणारा आणि पिळला जाणारा समोरासमोरचे तुल्यबळ पक्ष ठरतात. 'संप' हा शब्द नकार कोणाचा, हे सांगतो. १९३७मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले विधेयकही खोती नष्ट करण्याचे होते, दोन पक्षांत समेट घडवण्याचे नव्हे.

याउलट खाडीपलीकडील कोर्लई. १७४०मध्ये या किनाऱ्यावरची पोर्तुगीज सत्ता संपली. पोर्तुगीजातून घडलेली तेथील ख्रिस्ती समाजाची बोली मात्र टिकली, आणि मराठीच्या सहवासात तिचे क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसले. यालाही 'भाषिक संघर्ष' म्हणायचे, तर 'घृष्' धातूचा घासणे हा मूळ अर्थ येथे चपखल बसतो; परंतु समीक्षकाला तो अभिप्रेत नसतो, त्याला रणांगणच दिसते.

पारिभाषिक संज्ञा व्यापक असावी, असा बचाव केला जाईल. व्यापक संज्ञेने पोटभेद सामावून घ्यावेत, हे मान्य. मात्र ते पोटभेद आधी निश्चित झालेले असावे लागतात. द्वंद्व, विग्रह, कलह, झगडा, तंटा, झुंज, संप ही समृद्ध शब्दसंपदा हाताशी असताना प्रबंधामागून प्रबंध 'संघर्षा'वर निभावतात. कोण, कोणाविरुद्ध, कशासाठी उभा आहे, याचे उत्तर दिल्याखेरीज हा शब्द वापरणाऱ्या विवेचनाला विश्लेषण म्हणू नये.